पूर्वेला खाट आहे

मे महिन्यातली गोष्ट. माझे हेडफोन बिघडले होते, एका कानातून आवाजच येईना, म्हणून रविवारी मी आणि ललित कमानिया गेटच्या बाजारात गेलो. ललित माझा धाकटा भाऊ. त्याच्या स्कूटरवर मागे बसून खमरियाच्या आमच्या कॉलनीतून शहरात जाताना मला रस्ता वासावरून कळतो. आधी कॉलनीतला कडुनिंब, मग रांझीच्या बाजारातली भाजी, मग नुसता धूर, आणि शेवटी कुठेतरी तापलेलं तूप आलं की समजायचं, आलो. दुकानदाराने हेडफोन उघडून पाहिले आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला. मी नवे घ्यायच्या गोष्टी करत होते, तर ललित म्हणाला, दीदी, चांगले आहेत हे, काहून फेकतेस. येताना आम्ही सराफ्यातून खोव्याची जलेबी घेतली. आईला साखरेचा त्रास, म्हणून तिला अर्धीच द्यायची असं वाटेतच ठरवलं.

तेवढंच काम होतं. पण हेडफोन दुकानात राहिले आणि तो आठवडाभर माझा कॉम्प्युटर सगळ्या घराला ऐकू जाईल असा बोलत राहिला.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून थोडं सांगते. मला आठव्या वर्षापासून दिसत नाही. ताप डोळ्यांत गेला. रंग आठवतात, बाबांची हिरवी सायकल आठवते, पण माणसांचे चेहरे पुसत गेले. मी घरूनच काम करते. निरनिराळी ॲपं आमच्यासारख्यांना वापरता येतात की नाही ते तपासून कंपनीला कळवायचं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्याने वाचतो. आवाज पुरुषाचा, सपाट, आणि मुळात हिंदीसाठी बनवलेला. मराठी वाचतो, पण ‘ळ’ त्याला येत नाही. काळोखला कालोख म्हणतो, बाळाला बाल. मला त्याची इतकी सवय झाली आहे की कधी कधी मीही चुकून तसंच बोलते.

काम संपलं की मी खेळ खेळते. चित्रांचे नाही, शब्दांचे. त्यात तुम्ही कुठे आहात ते लिहिलेलं असतं. समजा, तू एका अंगणात आहेस, उत्तरेला दार आहे. तुम्ही टाइप करायचं, उत्तरेला जा. मग पुढची जागा येते. काही उचलायचं तर ‘घे’, आजूबाजूला काय आहे ते विचारायचं तर ‘बघ’. डोळस माणसांना हे खेळ जुनाट वाटतात. मला ते घरासारखे वाटतात, कारण मी खरं घरही असंच लक्षात ठेवते. पूर्वेला आईची खाट, उत्तरेच्या खिडकीत कूलर, पश्चिमेला माझं टेबल, दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार.

पुण्याचा सिद्धेश माझा मित्र. त्यालाही दिसत नाही. आम्ही कधी भेटलेलो नाही, पण खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर ओळख झाली आणि मग फोन सुरू झाले. तो स्वतः मराठीत छोटे खेळ लिहितो, त्याची बायको नीलिमा शुद्धलेखन तपासून देते. त्या आठवड्यात त्याने मला एक नवा खेळ पाठवला. एक वाडी, मधोमध आड, आडात पडलेली किल्ली काढायची. बस.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो उघडला. ललित दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला गेला होता. बाबा त्याच फॅक्टरीत होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी ललित लागला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरात मी आणि आई. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. फॅक्टरीच्या रेंजवर तोफेचे गोळे उडवून तपासत होते. मधूनच लांब धडाम व्हायचं आणि खिडकीची काच थरथरायची. कूलरच्या ओल्या खसचा वास सगळ्या खोलीत.

‘तू आडाजवल उभी आहेस,’ आवाज म्हणाला. ‘आडात कालोख आहे.’

मी जरा इकडेतिकडे फिरले. उत्तरेला गोठा होता, दक्षिणेला फाटक. पश्चिमेला काही आहे असं लिहिलेलं नव्हतं, पण खेळणारा माणूस भिंतींनाही धक्का देऊन पाहतो. मी टाइप केलं, पश्चिमेला जा.

आवाज थोडा थांबला.

‘तू एका खोलीत आहेस. उत्तरेला कूलर आहे. पूर्वेला खाट आहे. खाटेवर एक बाई तांदूळ निवडते आहे.’

मी हसलेच. सिद्धेशला मी आमच्या खोलीबद्दल कधीतरी सांगितलं असणार, त्याने गंमत केली. मागे आई खरंच तांदूळ निवडत होती, ताटात बोटं फिरल्याचा आवाज येत होता. दुपारी आई दुसरं काय करणार. मी ‘बघ’ टाइप केलं.

‘बाईने ताट खाली ठेवलं आहे.’

आणि मग मागे ताट फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. आधी वाक्य, मग ताट. मी मान वळवून बसून राहिले. आई म्हणाली, काय झालं, यशो? मी काही नाही म्हटलं.

दोन दिवसांपासून आईचा चष्मा सापडत नव्हता. का कोण जाणे, मी टाइप केलं, खाटेखाली बघ.

‘खाटेखाली, डाव्या पायाजवळ, चष्मा आहे.’

मी उठले, वाकले, हात घातला. चष्मा तिथे होता. आई खूष झाली, तुला बरा मिळाला म्हणाली. परत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत मला दुसरीच गोष्ट लक्षात आली. त्याने पायाजवळ म्हटलं होतं. पायाजवल नाही. आणि त्याच्याआधी तांदूळ, तांदूल नाही.

तुम्हाला वाटेल, मी तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण एक समजून घ्या. मला जे काही दिसतं ते दुसऱ्यांच्या तोंडून दिसतं. भिंतीला कोणता रंग आहे, दारात कोण आलं, माझ्या ओढणीवर डाग आहे का, सगळं विचारावं लागतं, आणि माणसं सांगायचं तेवढंच सांगतात. इथे कोणीतरी न कंटाळता सांगत होतं. मी भिंत विचारली. पिवळी, खिडकीखाली पोपडे आलेली. मग खूप वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसले आणि लिहिलं, बाईकडे बघ.

‘बाईचे केस सगळे पांढरे झाले आहेत. ती तुझ्या पाठीकडे पाहते आहे. तिला तुझी काळजी वाटते.’

माझ्या डोक्यात आईचे केस काळेच होते. लांब, तेल लावलेले. मला रडू आलं, पण आवाज न करता.

संध्याकाळी ललित आला तेव्हा मी त्याला विचारलं, आईचे केस कधी पांढरे झाले? तो पाणी पीत होता, थांबला. बाबा गेले त्याच्यानंतर, म्हणाला. मग मलाच विचारलं, तुला कोणी सांगितलं?

मी त्याला खेळ दाखवला. आवाज म्हणाला, तू आडाजवल उभी आहेस. पश्चिमेला जा लिहिलं, तर, ‘तिकडे भिंत आहे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा भिंत. ललितने पडदा वाचला. आडच आहे, दीदी, बाकी काही नाही. उन्हात डोळा लागला असेल तुझा. त्याचं बोलणं मायेचं होतं, म्हणून मला जास्त लागलं. सिद्धेशला फोन केला, तर तोही तेच म्हणाला. पश्चिमेला त्याने फक्त भिंत ठेवली होती. खोली, खाट, बाई असं त्याने काही लिहिलंच नव्हतं. खेळात माणसंच नाहीत, म्हणाला. तरी नीलिमाकडून फाइल पुन्हा तपासून घेतो.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. बाबांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं, जे कळत नाही ते विचारा, हात जोडू नका. त्या रात्री मी तेच केलं, स्वतःला विचारत राहिले. चष्मा खरा होता. केस खरे होते. मग ललित म्हणतो ती झोप कुठून आली?

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने वरण-भात थोडाच खाल्ला. तोंडाला चव नाही म्हणाली, साखरेची गोळी मात्र घेतली. मी टेबलाशी बसले. उघडायचं नाही असं ठरवलं होतं. कामाच्या दोन मेल लिहिल्या, मग उघडलं.

या वेळी आड आलाच नाही.

‘तू खोलीत आहेस. पूर्वेला खाट आहे. खाटेवर दोन माणसं बसली आहेत.’

मी कान दिला. कूलरची घरघर. आईच्या बांगड्यांचा बारीक आवाज. दुसरं काहीच नाही. आमचं दार वाजलं की त्याची कडी खणखणते, ती वाजली नव्हती.

मी लिहिलं, माणसांकडे बघ.

‘एक बाई. तिच्या शेजारी एक म्हातारा. त्याने पांढरा सदरा घातला आहे. पायात काही नाही.’

“आई,” मी म्हटलं, “तुझ्याजवळ कोणी बसलंय का?”

तिने लगेच उत्तर दिलं नाही. आई लगेच उत्तर देणारी बाई आहे.

“काहून विचारून राहिली?” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “कोणी नाही…”

माझी बोटं आपोआप चालली. ‘बघ.’

‘म्हातारा हसला.’

मी उठले. टेबलापासून खाटेपर्यंतचं अंतर माझ्या पायांना पाठ आहे, तरी त्या दिवशी ते मला लांब वाटलं. आईच्या खांद्याला हात लावला, मग तिच्या शेजारची गादी चाचपली. कोणी नव्हतं. गादी ऊबदार होती, पण मे महिन्यात कोणती गादी थंड असते. मी उशीपर्यंत हात फिरवला, भिंतीपर्यंत नेला. आई काही बोलली नाही. काय चाचपून राहिली, असं तरी म्हणायला हवं होतं. मला तेव्हा ते कळलं नाही. मी उलट सुटकेचा श्वास टाकून टेबलाशी परत आले आणि एकदाच, शेवटचं म्हणून, ‘बघ’ लिहिलं.

‘म्हातारा उठून उभा राहिला होता. तुझा हात त्याच्या सदऱ्यापासून एक वीत लांब होता. आता तो पुन्हा बसला आहे. त्याने बाईचा हात धरला आहे.’

सपाट, शांत आवाज. प्रत्येक उच्चार जिथल्या तिथे. गावाकडचा एखादा शिकलेला माणूस सावकाश वाचून दाखवतो तसा.

‘बाई उठायला निघाली आहे.’

मी लिहिलं, थांब.

‘ही आज्ञा मला कळली नाही.’

म्हाताऱ्याला अडव.

‘ही आज्ञा मला कळली नाही.’

आईचा हात धर, मी लिहिलं. बोटं चुकत होती, पुन्हा लिहिलं.

‘इथे आई नावाचं काही नाही.’

बाईचा हात धर.

‘तो हात कोणीतरी धरला आहे.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की मी लिहीत बसले आहे. खुर्ची मागे पडली. मी खाटेकडे धावले आणि मला पहिला आईचा डावा हात मिळाला. तो गार होता. नळाखाली धरल्यासारखा ओला आणि गार. मी आई आई करत होते आणि ती उं सुद्धा करत नव्हती, तिचं अंग खाटेवरून पुढे घसरत होतं. तिला सावरायला मी दुसरा हात शोधला. तो मांडीवर नव्हता, अंगाखाली नव्हता. तो समोर होता, दाराच्या दिशेने सरळ ताणलेला, हवेत. बोटं मिटलेली होती. मी ती उघडायला गेले, तर उघडेनात. आत काही नव्हतं, मी नीट पाहिलं, म्हणजे चाचपलं. पण माणूस नुसती मूठ मिटतो तशी ती मूठ नव्हती. मध्ये जागा सोडलेली होती. एखाद्या हाताएवढी.

तिचा डावा हात धरून मी तिला माझ्याकडे ओढलं. मागे टेबलावर कोणी कळ दाबलेली नसताना आवाज बोलला.

‘आता दोघांनी धरलं आहे.’

मी शेजारच्या सरोजिनीदीदींना हाका मारल्या. त्या धावत आल्या. क्या हुआ बेटा, करत त्यांनी आईचं अंग पाहिलं आणि काय ते ओळखलं. त्यांच्या सासूलाही साखरेचा त्रास होता. साखर पाण्यात कालवून त्यांनी आईच्या ओठांना लावली, मुलाला ऑटो आणायला पिटाळलं. मी आईचा हात सोडला नाही. दाराला कुलूप सरोजिनीदीदींनी लावलं. ऑटोत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, स्ट्रेचरशेजारून चालताना, मी हात सोडला नाही. नर्सला सलाइन लावायचं होतं, तिने दुसऱ्या हाताला लावलं. तोपर्यंत ती मूठ सैल झाली होती.

साखर फार खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. ललित फॅक्टरीतून तसाच आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, दीदी, तू तिला वाचवलंस, बाकीचं राहू दे. मी डॉक्टरांनाही विचारलं. साखर उतरली की माणसाला नसलेलं दिसतं, ते म्हणाले. माझी साखर उतरली नव्हती, हे मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आई नीट बोलायला लागली. ललित औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी तिला हळूच विचारलं, काल तुझ्याजवळ कोण बसलं होतं?

ती म्हणाली, “तो म्हातारा? तुझ्याकडे आला होता ना तो?”

“माझ्याकडे?”

“दोन दिवस तू त्याच्याशीच बोलून राहिली होती. त्याचा आवाज मला ऐकू येत होता.”

मला वाटलं, ती कॉम्प्युटरचं म्हणते आहे. असेलही. मी विचारलं, मग मी विचारलं तेव्हा कोणी नाही काहून म्हणालीस?

आईने अंगावरची चादर नीट केली. सलाइनची बाटली, बाजूच्या खाटेवरचं कण्हणं, बाहेर ट्रॉलीची चाकं.

“त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमची काही गंमत चालू आहे… तेव्हा विचित्र नाही वाटलं, यशो. आता वाटून राहिलं.”

बाबा होते का, मी विचारलं. तिला राग आला. तुझ्या बाबाला मी ओळखणार नाही का, म्हणाली, तो नव्हता. बाबासारखा अजिबात नव्हता. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, आणि मला काढू दिला नाही.

ललितने माझ्या कॉम्प्युटरमधला खेळ काढून टाकला. मी सिद्धेशचे फोन घेणं बंद केलं. त्याचा काही दोष नव्हता, हे मला कळत होतं. पण फोनमधल्या आवाजाने त्याचं नाव उच्चारलं की अंगावर काटा यायचा. त्याने दोनतीन मेसेज पाठवले, नीलिमाने फाइल पाहिली, त्यात काहीच नाही, तू ठीक आहेस ना, असे. मी ठीक आहे एवढंच कळवलं. मग पाऊस गेला, दिवाळी गेली. आई पुन्हा पहिल्यासारखी झाली, सकाळी बुद्धवंदना म्हणते, मला ओरडते, सरोजिनीदीदींकडे जाऊन बसते. एखादी गोष्ट कळली नाही तरी माणूस तिच्याशेजारी राहायला शिकतो. मीही शिकत होते.

गेल्या आठवड्यात सिद्धेशचा फोन आला आणि मी घेतला. किती दिवस असं चालणार, असं वाटलं. इकडचं तिकडचं बोललो. त्याने आईची चौकशी केली, तेव्हा मी त्या मंगळवारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं ते सांगितलं. मग म्हणाला, आणि बाबा कसे आहेत?

मी म्हटलं, माझे बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, सिद्धेश. तुला माहीत नव्हतं?



“मग फोन कोणी उचलला होता?” तो म्हणाला.

मी विचारलं, कधी? तो म्हणाला, ज्या दिवशी तुझ्या आईला बरं नव्हतं त्याच दिवशी, संध्याकाळी. नीलिमाने फाइल तपासली ते सांगायला त्याने फोन केला होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. फार गोड, सावकाश बोलणारे. हा समजला, माझे बाबा.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात होते. ललित माझ्याशेजारी होता. माझा फोन घाईत टेबलावरच राहिला होता, कॉम्प्युटरच्या बाजूला, आणि घराला कुलूप होतं. किल्ली सरोजिनीदीदींच्या पदराला होती.

काय म्हणाले ते, मी विचारलं. सिद्धेश सांगायला तयार नव्हता. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं, हळू आवाजात, जसं ऐकलं होतं तसं.

“म्हणाले, ती आईचा हात धरून बसली आहे, आत्ता येऊ शकणार नाही… तिने हात सोडला की मीच कळवतो.”